वजन घटविणाऱ्या गोळ्या : वेष्टनावर न छापलेले धोके

‘महिनाभरात दहा किलो वजन कमी, पथ्य नाही, व्यायाम नाही, दुष्परिणाम नाही’ अशा स्वरूपाचा मजकूर पूर्वी छोट्या जाहिरातींत आणि बसस्थानकाच्या भिंतींवर दिसे. आता तो मोबाइलच्या पडद्यावर आला आहे आणि मागविलेली बाटली कुरिअरने मुंबईइतक्याच सहजतेने भंडारा, तुमसर किंवा लाखांदूरलाही पोहोचते. वास्तविक औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ज्या विकारांवर रामबाण उपायाची जाहिरात करण्यास हा कायदा मनाई करतो, त्यांच्या यादीत कर्करोग, मधुमेह, अंधत्व यांच्यासोबत लठ्ठपणाचाही समावेश आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही हा कायदा लागू होतो. वृत्तपत्रांना त्याचा दीर्घकाळ विसर पडला होता, हेही नमूद करावयास हवे.

या गोळ्यांचा इतिहास बाजारातून मागे घेतलेल्या औषधांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळा कारखान्यांतील कामगार झपाट्याने कृश होत असल्याचे आढळले. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे स्फोटकांचा उद्योग भंडारा जिल्ह्याला अपरिचित नाही. त्या फ्रेंच कारखान्यांत मात्र डायनायट्रोफिनॉल हे रसायन हाताळले जात होते. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ते वजन घटविण्यासाठी वापरले आणि लवकरच एक लाखाहून अधिक लोकांनी ते घेतले. हे रसायन पेशींतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. मात्रा थोडी अधिक झाली की शरीराचे तापमान वाढत जाते आणि नेहमीच्या तापाच्या औषधांनी ते उतरत नाही. मृत्यू झाले, अनेकांना तरुण वयात मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये अमेरिकेत हा वापर थांबला. तरीही चोरट्या मार्गाने त्याची विक्री सुरूच राहिली आणि मे २०१५ मध्ये इंटरपोलला १९० देशांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

पुढे फेनफ्लुरामिन आले. हृदयाच्या झडपा खराब होत असल्याचे दिसताच १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. रिमोनाबंट २००६ मध्ये युरोपात आले. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या नोंदी वाढल्याने २००८ मध्ये तेथे त्याची विक्री थांबविण्यात आली आणि २००९ मध्ये भारतातही बंदी घालण्यात आली.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण सिब्युट्रामिनचे आहे. हे औषध मेंदूतील रसायनांवर परिणाम करून भूक मंदावते, पण त्याच वेळी नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढविते. सुमारे दहा हजार रुग्णांवर केलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, हे औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटनेला सामोरे जावे लागले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. हे रुग्ण आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेले होते, हे खरे. परंतु जाहिरात पाहून गोळी मागविणाऱ्याला आपला रक्तदाब किती, हे तरी कुठे ठाऊक असते? जानेवारी २०१० मध्ये युरोपने, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने हे औषध हद्दपार केले.

मात्र औषधाच्या दुकानातून गेलेले सिब्युट्रामिन ‘वनौषधी’ या नावाखाली परतले. २००८ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सत्तरहून अधिक उत्पादनांची यादी जाहीर केली. ‘नैसर्गिक’ म्हणविणाऱ्या त्या उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेली औषधे आढळली होती आणि त्यांत सिब्युट्रामिन प्रमुख होते. त्यामुळे ‘आयुर्वेदिक असल्याने अपाय नाही’ हा युक्तिवाद दुहेरी फसवा ठरतो. एक तर बाटलीत वनस्पतीच असेल याची खात्री नाही, आणि असली तरी ती निरुपद्रवी असेलच असे नाही. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समधील एका वजन घटविण्याच्या केंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देण्यात आल्या. एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वापरली गेली आणि सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे बाधित झाली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडील ईश्वरी ही त्याच कुळातील आहे. कोकमाच्या कुळातील, केरळात माशाच्या आमटीत घालतात त्या फळाचा अर्क ‘गार्सिनिया’ नावाने विकला जातो. आमटीतील फळ वेगळे आणि गोळीतील तीव्र अर्क वेगळा. या अर्काने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

काही पुड्यांत मूत्रल औषधे, जुलाबाची औषधे किंवा थायरॉइडचे संप्रेरक असते. मूत्रल गोळीने दोन दिवसांत काटा दोन किलोने खाली येतो खरा, पण घटते ते पाणी. चरबी आहे तेथेच राहते. सोबत पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भंडारा जिल्ह्यात या धोक्याला दोन स्थानिक कारणे जोडली जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना शरीरातील पाणी असे काढून घेणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रणच होय. दुसरे कारण सिकलसेलचे. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार लक्षणीय प्रमाणात आढळतो आणि निर्जलीकरण हे त्यातील तीव्र वेदनांच्या झटक्याचे एक परिचित कारण आहे. सिकलसेलच्या रुग्णाने मूत्रल वा जुलाबाची गोळी परस्पर घेणे विशेष घातक ठरू शकते. विवाह ठरला की मुलीचे वजन घटविण्याची घाई घरोघरी दिसते आणि आपल्याकडील बहुतांश लग्ने नेमकी उन्हाळ्यात असतात.

मान्यताप्राप्त औषधे मोजकीच आहेत. ऑर्लिस्टॅट अन्नातील सुमारे एक तृतीयांश चरबी शोषू देत नाही. ती शौचावाटे बाहेर पडत असल्याने तेलकट जुलाब होतात, तसेच अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वांचे शोषण घटते. सेमाग्लुटाइडची गोळी जानेवारी २०२२ मध्ये भारतात आली ती मधुमेहासाठी. मळमळ व उलट्या नेहमीच्या, तर स्वादुपिंडाचा दाह आणि पित्ताशयातील खडे हे तिचे क्वचित पण गंभीर परिणाम होत. ही औषधे प्रकृतीची तपासणी करून डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. गर्भवती व स्तनदा मातांनी वजन घटविणारी कोणतीही गोळी घेऊ नये.

खरेदीपूर्वी वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची पूर्ण यादी व उत्पादकाचा पत्ता पाहावा. केवळ १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, औषध म्हणून परिणाम सिद्ध झाल्याचा दाखला नव्हे. गोळी घेतल्यावर छातीत धडधड, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, न उतरणारा ताप किंवा तीव्र पोटदुखी जाणवल्यास गोळी बंद करून ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. तिच्यात काय होते हे डॉक्टरांना कळण्याचा तोच एक मार्ग असतो. संशयित उत्पादनाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर, तर दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करता येते. अशी नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या पत्राची गरज नसते.