हजची पेटी आणि तिची बिल्टी

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक रेल्वेचे, एक बाजाराचे. चांदूर रेल्वे जुन्या नागपूर-भुसावळ मार्गावर आहे. आमच्या चांदूर बाजारला रेल्वे आली ती या शतकात, नरखेडच्या मार्गाने. तोवर मुंबईची गाडी पकडायची तर बसने बडनेरा गाठावे लागे. बाहेरच्या माणसाला नुसते ‘चांदूर’ सांगितले की तो हमखास दुसऱ्या चांदूरला पोचतो. या अर्धवट पत्त्यामुळे माझ्या अम्मीचे कफन भलत्याच गावी जाऊन आले. ती गोष्ट सांगायची आहे, पण आधी आमच्या घरातल्या पेटीविषयी.

ही पेटी लोखंडी पत्र्याची, हिरव्या रंगाची. दादांनी ती साठच्या दशकात हजला नेली होती. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव तीन लिप्यांत लिहिले आहे: उर्दू, मराठी आणि इंग्रजी. खाली गाव, तालुका, जिल्हा. बडनेऱ्याहून आगगाडीने मुंबई, तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मुघल लाइनचे जहाज. ही कंपनी १८७७ साली वेगळ्या नावाने सुरू झाली आणि इस्लामी, मोहम्मदी, मुझफ्फरी अशी तिची जहाजे पिढ्यान्‌पिढ्या हाजींना जेद्द्याला नेत राहिली. पेटीत पीठ, डाळ, तिखट, भांडी आणि रॉकेलचा स्टोव्ह. समुद्रावर आठवडाभर दादा डेकवर त्या पेटीला टेकून बसले आणि तिच्याच शेजारी झोपले. सामान हरवण्याची भीती त्यांना नव्हती असे नाही, पण सामान डोळ्यांसमोर होते.

नजरेआड होण्याचा प्रसंग त्यांच्याही आधीच्या पिढ्यांवर आला होता, तो वेगळ्या कारणाने. ऑटोमन सरकारने १८८२ साली तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचे ठाणे उभारले. जहाज तिथे थांबायचे, हाजींना खाली उतरवायचे आणि कपडे, अंथरूण, गाठोडी वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायला घ्यायचे. आपल्या वळकटीत कोणीतरी परका हात घालतो आहे, हे त्या काळच्या हाजींना फार लागत असणार. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या वर्षी सरकारने इथून हजला जाण्यावरच बंदी घातली.

त्याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. मुंबईतल्या तिकीट-दलालांकडून हाजींची लूट होते अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा हिंदुस्थान सरकारने १८८६ साली हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या विलायती कंपनीकडे दिली. रेल्वे आणि जहाज यांचा प्रवास एका साखळीत बसवायचा अशी कल्पना होती. धंदा जमला नाही आणि १८९३ मध्ये कंपनी बाजूला झाली. पण एका ठिकाणी द्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी घ्यायचे, मधे कागदावर भरवसा ठेवायचा, ही रीत वऱ्हाडाला परकी नव्हती. कापसाच्या गाठी जिनातून निघाल्या की व्यापाऱ्याच्या हातात फक्त बिल्टी उरते. माल कुठे आहे हे त्याला दिसत नाही, आणि बिल्टी गेली तर मालही गेल्यात जमा.

विमानाच्या सामानाला लावतात ती लांब चिकट पट्टी म्हणजे बिल्टीच. अशी दुहेरी पावती, अर्धी सामानाला आणि अर्धी मालकाला, रेल्वेच्या काळातली आहे. कॅनडातल्या मॉन्क्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स यांनी १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. आज तिच्यावर दहा आकडे असतात. पहिला आकडा पट्टीचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे, उरलेले सहा त्या बॅगेचा क्रमांक. बारकोड एकदा उभा आणि एकदा आडवा छापतात, म्हणजे बॅग पट्ट्यावर कशीही पडली तरी यंत्राला वाचता येतो. नागपूरसाठी एनएजी, जेद्द्यासाठी जेईडी. यंत्र हेच वाचते. झाकणावर तीन लिप्यांत लिहिलेले नाव ते वाचत नाही.

१९९५ पासून मुंबई-जेद्दा हजची जहाजे बंद झाली आणि पेटी माळ्यावर गेली. तिच्या जागी सूटकेस आली आणि आत काय भरायचे तेही बदलले. १९९७ च्या एप्रिलमध्ये मिनाच्या तंबूंना आग लागून ३४३ हाजी मरण पावले, आग स्वयंपाकाच्या गॅसमुळे भडकली होती. त्यानंतर तिथे आग न धरणारे तंबू उभे राहिले आणि चूल-स्टोव्ह बंद झाले. खसखस नेऊ नका, असे आता प्रत्येक हज प्रशिक्षणात बजावून सांगतात, कारण सौदीत ती अफूच्या जातीची म्हणून अमली पदार्थांत धरतात. आमच्या वऱ्हाडी रश्श्याला खसखस आणि सुके खोबरे लागतेच. अम्मीने दळून ठेवलेला मसाला मी बॅगेतून काढला तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. झमझमचेही तसेच. दादांनी पत्र्याच्या डब्यात झाळून बंद करून आणले होते. पुढे बॅगांत गळणारे कॅन येऊ लागले. मग कॅन वेगळे आणून भारतात उतरल्यावर हाजींच्या हाती द्यायची पद्धत आली, ते बरे झाले.

आता कफनाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी अम्मी-अब्बा हज करून नागपूरला उतरले. चार बॅगांपैकी तीन आल्या. चौथीत अम्मीने झमझममध्ये भिजवून मक्केत वाळवलेले कफन होते. एका रंगाच्या, एका मापाच्या शेकडो बॅगा फिरताना पाहून अब्बा थकले. “अल्लाहची अमानत होती, त्याने ठेवून घेतली,” म्हणाले आणि बाहेर आले. बाहेर हार घेऊन पंधरा माणसे उभी. तक्रार कोणी करायची?

घरी आल्यावर मी विचारले, पट्टीचा तुकडा कुठे आहे? तो पासपोर्टच्या मागे चिकटलेला होता, फाडून टाकला नव्हता हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला जाऊन तक्रारीचा फॉर्म भरला. हे विमानतळ सोडण्याआधीच करायचे असते. तिथे पट्टीवरचा क्रमांक घालून लेखी नोंद घेतात आणि तिची प्रत आपल्याला देतात.

आपल्याकडे हे करायला लाज वाटते. हजसारख्या इबादतीवरून येऊन सामानासाठी भांडायचे का, असे वाटते. पण हा हक्क फार जुना आहे. १९२९ च्या वॉर्सा कराराने प्रवाशाच्या सामानाची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली. भारतात तो १९३४ च्या कायद्याने लागू झाला, तेव्हा आमच्या गावातल्या बहुतेकांनी विमान पाहिलेही नसेल. तेव्हा भरपाई वजनावर होती, किलोमागे २५० सोन्याचे फ्रँक. म्हणजे सोन्याचा दागिना असो की खादीची चादर, तराजू एकच. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मॉन्ट्रियल करारात हिशेब माणशी झाला. २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून त्याची मर्यादा १५१९ एसडीआर आहे, एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. बॅग फुटून आली तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर हाती पडल्यापासून एकवीस दिवसांत. आणि एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते.

अम्मीला मी हे सगळे समजावले. ती म्हणाली, “कफनाचे किती एसडीआर?” मला उत्तर देता आले नाही. बाजारात ते कापड काहीशे रुपयांचे.

आठव्या दिवशी फोन आला. बॅग पुढच्या विमानाने आली होती. ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, चांदूरच्या स्टेशनजवळ उभा हाय, कुठी येऊ?” मी म्हटले, तिथेच थांबा, आणि स्कूटर घेऊन स्टेशनवर गेलो. फलाटावर एक कुत्रे झोपले होते. बाहेर कोणी नाही. पुन्हा फोन केला, तेव्हा त्याने समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली: चांदूर रेल्वे. फॉर्मवर मीच ‘चांदूर, जि. अमरावती’ एवढे लिहिले होते. दादांच्या पेटीवर मात्र ‘बाजार’ हा शब्द तीनही लिप्यांत आहे, मी रोज तिच्याखालून जातो.

ड्रायव्हर संध्याकाळी पोचला. अम्मीने त्याला आधी चहा दिला, खजूर दिले, मग बॅग उघडली. कफन जसेच्या तसे होते, फक्त खजुरांचा वास लागला होता. मी हँडलची पट्टी कापायला कात्री घेतली तर तिने हात धरला. पट्टी तिने स्वतः सोडवली, घडी केली आणि कफनाच्या गाठोड्यात ठेवली. अजून तिथेच आहे, माळ्यावरच्या हिरव्या पेटीत.