'मूनलाइट सोनाटा': सूर तेच, तरी प्रत्येक रेकॉर्डिंगचा मूड वेगळा का?

झोपेच्या प्लेलिस्टमध्ये किंवा एखाद्या उदास रीलच्या मागे वाजणारी पियानोची ती संथ धून तुम्हीही ऐकली असेल. बीथोव्हेन यांचा 'मूनलाइट सोनाटा' तो हाच. पण दोन वादकांची रेकॉर्डिंग्ज लागोपाठ ऐकली, तर एकात शोकसभेची शांतता जाणवते आणि दुसरं पाण्यासारखं वाहत जातं. असं का होतं?

चांदणं कुठून आलं?

बीथोव्हेन यांनी १८०१ मध्ये हा सोनाटा लिहिला. पुढच्या वर्षी तो छापून आला, तेव्हा त्यावर 'मूनलाइट' हे नाव नव्हतं. लुझर्न सरोवरावरच्या चांदण्याची उपमा दिली ती जर्मन समीक्षक लुडविग रेलश्टाब यांनी. १८२७ मध्ये बीथोव्हेन यांचं निधन झालं आणि हे नाव रूढ झालं ते त्यानंतरच.

उदासी सुरांमध्ये आहे का?

काही प्रमाणात. सोनाट्याची मुख्य पट्टी आहे सी शार्प मायनर. आपल्या भाषेत सांगायचं तर सी शार्पला 'सा' मानायचं आणि गंधार कोमल घ्यायचा. छोट्या दुसऱ्या भागात 'सा' तोच राहतो, फक्त कागदावर त्याला डी फ्लॅट म्हटलं जातं. गंधार मात्र शुद्ध होतो आणि वातावरण लगेच हलकं होतं.

खरी गंमत तिसऱ्या भागात आहे. इथे पुन्हा सी शार्प मायनर येतो. पहिल्या भागासारखेच इथेही कॉर्डचे सूर सुटे करून एकामागोमाग वाजतात. तरीही ऐकू येतं ते वादळ! कारण पहिल्या भागावर 'अदाजिओ' म्हणजे संथ अशी सूचना आहे, तर तिसऱ्यावर 'प्रेस्तो अजितातो', म्हणजे अतिजलद आणि खळबळलेला. पट्टी एकच असली, तरी मूड पालटला तो मुख्यतः लयीमुळे.

मग संथ म्हणजे किती संथ?

वाद आहे तो इथेच. मेट्रोनोम १८१५ नंतर प्रचारात आला, त्यामुळे या सोनाट्यावर वेगाचा आकडा नाही. पण एक खूण आहे. पहिल्या भागात प्रत्येक मापात चार नव्हे, दोन ठोके मोजायचे आहेत. चार मोजले तर एका ठोक्यात तीन सूर बसतात आणि चाल जड होते. दोन मोजले तर एका ठोक्यात सहा सूर येतात आणि धून आपोआप पुढे सरकते. आंद्राश शिफ यांच्यासारखे वादक हीच खूण प्रमाण मानून रूढ वेगापेक्षा जलद वाजवतात.

पेडलचाही परिणाम होतो. तारांचा नाद मध्येच थांबवू नका, सूर एकमेकांत मिसळू द्या, अशी बीथोव्हेन यांची सूचना आहे. त्यांच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरायचा. आजच्या पियानोचा नाद जास्त टिकतो, म्हणून बहुतेक वादक मधूनमधून पेडल सोडतात.

ऐकताना काय कराल?

सुरुवातीला बोटांवर ठोके मोजा. ते दोन वाटतात की चार, यावरून वादकानं कोणता अर्थ लावलाय ते कळेल. आणि पहिला भाग संपला की थांबू नका. पूर्ण सोनाटा साधारण पंधरा मिनिटांचा आहे. झोपेच्या प्लेलिस्टमध्ये सहसा न सापडणारा शेवटचा भाग ऐकलात, तर चांदण्याचं नाव या रचनेला किती अपुरं पडतं ते लक्षात येईल.