एका मुक्या सुराची दुरुस्ती

दहावीच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मी तीस वर्षे कुणाला सांगितलेली नाही. ती आठवली एका जुन्या वाद्यामुळे, म्हणून आधी त्या वाद्याचा इतिहास सांगते.

हॅरॉल्ड ऱ्होड्स (१९१०-२०००) हे कॅलिफोर्नियातले पियानोशिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि इस्पितळातल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवू लागले. खाटेवर पडलेल्या माणसाला शिकवायचे, तर पियानो मांडीवर मावायला हवा. ऱ्होड्सनी बी-१७ बॉम्बर विमानांच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या कापून २९ सुरांचा छोटा पियानो बनवला. त्यात वीज नव्हती. हातोडी नळीवर पडे आणि सूर निघे.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांनी 'प्री-पियानो' आणला. १९५९ मध्ये गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्याशी भागीदारी झाली, आणि आधी फक्त खालच्या ३२ सुरांचा 'पियानो बास' बाजारात आला. १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. त्यानंतर ७३ पट्ट्यांचा ऱ्होड्स पियानो विकला जाऊ लागला आणि पुढे जॅझमध्ये घरोघरी पोहोचला.

या पियानोत तारा नसतात. प्रत्येक सुरासाठी पोलादाची एक बारीक सळई, म्हणजे 'टाइन', आणि तिच्यावर धातूची जाड पट्टी असते. दोन्ही मिळून असमान पायांचा ट्यूनिंग फोर्कच. टाइनच्या टोकासमोर चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. हा झाला पिकअप. टाइन कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच तत्त्व सरांनी आपल्याला फळ्यावर शिकवले होते.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. काहीही न हलवता, निव्वळ गणिताने तो ऱ्होड्ससारखा सूर काढी. वजनाला हलका, ट्यूनिंगची कटकट नाही. त्या दशकाच्या मध्यापर्यंत ऱ्होड्सचे उत्पादन थांबले. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणजे माझा पक्ष डीएक्स-७चा असायला हवा. पण नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना मी सत्तरच्या दशकातला एक जुना ऱ्होड्स घेतला. त्याचा एक सूर मुका होता.

टाइन ठीक होती, हातोडी ठीक होती. मल्टिमीटर लावला तर पिकअपही ठीक दिसला. दोन संध्याकाळी यातच गेल्या. मग जोडणी नीट पाहिली. तीन-तीन पिकअप समांतर जोडलेले, आणि असे गट एकसर. माझा मीटर शेजारच्या दोघांचा रोध मोजत होता. मेलेले वेटोळे त्यांच्या आड लपले होते! एक टोक सोल्डर वितळवून सुटे केले, तेव्हा मीटरने खरे सांगितले. तार तुटली होती अगदी टोकाला, जिथे ती जोडबिंदूला मिळते तिथे. एक वेढा सोडवला, तारेवरचा इनॅमलचा थर हलक्या हाताने खरवडला आणि पुन्हा सोल्डर केले. एवढ्या वेढ्यांत एक कमी झाला, तर कानाला कळत नाही. सूर बोलू लागला.

तेव्हा प्रयोगशाळा आठवली. आमच्या गटाच्या वेटोळ्यात चुंबक कितीही हलवला तरी गॅल्व्हानोमीटरची सुई हलत नव्हती. सरांनी विचारले, "कुणी ओढले का रे?" तिघी गप्प. सरांनी ब्लेडने तार खरवडली, तिथेच जोडली, आणि सुई हलल्यावर आमच्याहून जास्त तेच खूश झाले. रागावले नाहीत, पुन्हा विचारलेही नाही.

सर, तार मी ओढली होती. बाकी दोघींना ठाऊकही नव्हते, पण त्या शेजारी उभ्या होत्या म्हणून मी लपू शकले. त्या दिवशी सोल्डरिंग करताना तुमचे हात मी टक लावून पाहिले होते. मुका सूर दुरुस्त करताना माझे हात तसेच चालले, एवढे तुम्हाला कळावे म्हणून हा लेख.