परंपरानिष्ठ राजकीय विचार आणि नगर जिल्हा

राज्यशास्त्रात ज्याला परंपरानिष्ठ विचार म्हणतात, त्याचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा 'जुने ते सोने' एवढाच घेतला जातो. या विचाराची मूलतत्त्वे कोणती आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात त्यांची कसोटी कशी लागली, हे येथे थोडक्यात पाहू.

मूलतत्त्वे

या विचाराचे जनक म्हणून ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क (१७२९-१७९७) यांचे नाव घेतले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्यांनी १७९० मध्ये ग्रंथ लिहिला. समाज ही केवळ हयात माणसांची मालमत्ता नसून गेलेल्या व येणाऱ्या पिढ्याही तिच्या भागीदार आहेत, असे ते मानीत. संस्था दीर्घ अनुभवातून घडतात. म्हणून बदल दुरुस्तीच्या रूपाने व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु बर्क सत्तेचे भाट नव्हते. हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर चाललेल्या महाभियोगात (१७८८-१७९५) तेच प्रमुख वक्ते होते. हेस्टिंग्ज निर्दोष सुटले, तरी परक्या राज्यकर्त्यानेही प्रजेच्या रीतिरिवाजांचा मान राखावा, हा मुद्दा मागे उरला.

फ्रेंच विचारवंत तॉकव्हील (१८०५-१८५९) यांनी स्थानिक संस्था व ऐच्छिक मंडळे यांना स्वातंत्र्याची पाठशाळा मानले.

नगरची कसोटी

१८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा दख्खनचे आयुक्त माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी नगर येथे कॅप्टन हेन्री पॉटिंजर यांना कलेक्टर नेमले. जुनी व्यवस्था शक्यतो मोडू नये, हे त्यांचे धोरण होते. १८१९ च्या अहवालात त्यांनी गाव हे जणू एक छोटे राज्य असल्याचे वर्णन केले आणि पाटील, कुलकर्णी व पंचायत टिकवाव्यात अशी शिफारस केली.

पुढे मात्र महसूल प्रत्येक खातेदाराकडून थेट घेण्याची पद्धत रुजली. पंचायतीची जागा दिवाणी न्यायालयांनी घेतली. कर्जरोख्याच्या जोरावर सावकाराला जमिनीवर हुकूमनामा मिळू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले आणि सारावाढीची भर पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. तो पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाच्या मूळ हिशोबाची तपासणी आणि तडजोडीचे मार्ग आणले. जुना आधार काढून घेताना त्या जागी काय ठेवणार, हा बर्क यांचाच प्रश्न येथे उभा राहिला होता.

दुसरी बाजू

तथापि त्या गावगाड्याची स्तुती करताना आम्हांला थबकावे लागते. जे गाव 'छोटे राज्य' म्हणून वाखाणले गेले, त्याच्या वेशीबाहेर महार-मांगांची वस्ती होती आणि वतनाच्या नावाखाली त्यांच्याकडून वेठ घेतली जात होती. जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज याच वस्त्यांतले. जोतीराव फुले यांनी नगरमधील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडली. रूढी मोडल्यावाचून ते शक्य नव्हते. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी दीर्घ लढा दिला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. परंपरा जपताना तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे न विचारणे, ही या विचाराची सर्वांत मोठी उणीव होय.

आजचा विचार

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले: लहान समूहाला जे काम करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, गरज पडेल तेथे साहाय्य मात्र करावे. यात परंपरानिष्ठांचा गावावरील विश्वास आहे आणि दुर्बलाच्या रक्षणाची अटही आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार देताना महिला, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी राखीव जागाही ठेवल्या. जुन्या पंचायतीत ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांना आता बोलण्याचा अधिकार आहे. आपल्या वाचकांनी ग्रामसभेस जाताना हा इतिहास स्मरणात ठेवावा आणि तो अधिकार बजावावा, असे आम्हांला वाटते.