कयाकमधून बास मासेमारी : साधनांची निवड

अमेरिकेत गोड्या पाण्यातील छंदी मासेमारीचा विषय निघाला, की प्रथम नाव निघते ते 'लार्जमाउथ बास' या माशाचे. आपल्याकडच्या जिताड्यालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात. त्यामुळे दोन्ही मासे एकच असावेत, असा समज होतो; पण त्यांची कुळे निराळी आहेत. जिताडा समुद्राशी आणि खाडीशी नाते राखणारा, तर लार्जमाउथ बास हा तलाव, धरणांचे जलाशय आणि संथ नद्या यांचा रहिवासी. हिरवट अंग, डोळ्याच्याही मागे गेलेला जबडा आणि पाणवनस्पतींत दबा धरून भक्ष्यावर झडप घालण्याची सवय, ही त्याची ओळख. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलोचा बास हा विक्रम मानला जातो. मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली.

या माशामागे वेगवान मोटारबोटींतून फिरण्याची अमेरिकेत मोठी परंपरा आहे. अलीकडच्या काळात मात्र कयाकमधून बास पकडणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्यापासून बनवलेली ही अरुंद नाव आता प्लास्टिकची झाली. पण तिचे मूळचे गुण कायम आहेत. ती आवाज करत नाही, वीतभर पाण्यातही चालते आणि मोटारीच्या टपावर बांधून नेता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या घराजवळ एखादा जलाशय आहे, त्यांना हा छंद सहज साधण्यासारखा आहे.

मात्र कयाक म्हणजे मोटारबोटीची लहान आवृत्ती नव्हे. येथे माणूस पाण्याच्या पातळीला बसलेला असतो, सामान हाताच्या अंतरातच ठेवावे लागते आणि एका चुकीच्या झुकण्याने सारेच पाण्यात जाऊ शकते. दुकानात नजर आधी रॉडकडे आणि मासे दाखवणाऱ्या पडद्याकडे जाते. खरेदीचा क्रम मात्र याच्या नेमका उलटा असावा.

पहिला खर्च लाइफ जॅकेटचा

अमेरिकी तटरक्षक दलाचे नौका-अपघातांचे वार्षिक अहवाल पाहिले, तर मृतांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जण बुडून गेलेले दिसतात आणि बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसते. ते नावेत असते, पण अंगावर नसते. प्रौढांसाठी अनेक ठिकाणी कायद्याने प्रत्येक प्रवाशामागे एक जॅकेट नावेत असणे पुरेसे असले, तरी कयाक उलटल्यावर मागे बांधलेले जॅकेट सोडवून घालणे जवळपास अशक्य असते.

बासच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. वसंतात अंडी घालण्यापूर्वी मोठे मासे किनाऱ्याजवळ येतात आणि मासेमारीला ऐन रंग चढतो. त्या दिवसांत हवा सुखद असते. पाणी मात्र बर्फाळ हिवाळ्यातून नुकतेच बाहेर पडलेले असते. उत्तरेकडील राज्यांत ते १० अंश सेल्सियसच्या आसपासही असू शकते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्त यांनी थंड पाण्याबाबत '१-१०-१' हे सूत्र मांडले आहे. श्वासावर ताबा मिळवण्यास सुमारे एक मिनिट, हातपाय उपयोगी पडण्यास सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास, असा त्याचा अर्थ. पट्टीचा पोहणाराही दहा मिनिटांनंतर हतबल होतो. त्याला तरंगत ठेवते ते जॅकेटच.

कयाकच्या आसनाला उंच पाठ असते. म्हणून पाठीचा फोम वरच्या भागात असलेले, मासेमारीसाठी खिसे असलेले जॅकेट निवडावे. शिटी आणि छोटी सुरी जॅकेटलाच अडकवावी. मोबाइल जलरोधक पिशवीत घालून अंगावर बाळगावा, नावेत ठेवू नये. पाणी थंड असेल, तर हवेकडे न पाहता पाण्याच्या तापमानाप्रमाणे पोशाख करावा.

नाव कोणती?

मासेमारीसाठी 'सिट-ऑन-टॉप', म्हणजे वर बसण्याची कयाक श्रेयस्कर. तिच्या तळाला आरपार भोके असल्याने वर आलेले पाणी निघून जाते आणि उलटली तरी तिच्यावर पुन्हा चढता येते. आत बसण्याची कयाक उलटली, की पाण्याने भरते.

तलावासाठी १० ते १२ फूट लांबी आणि ३० ते ३६ इंच रुंदी सोयीची. रुंद नाव स्थिर असते व तिच्यात उभे राहून गळ टाकता येतो. लांब व अरुंद नाव वेगाने आणि सरळ जाते. दोन्ही गुण एकाच नावेत पुरेपूर मिळत नाहीत, म्हणून आपला जलाशय लहान आहे की अफाट, याचा विचार आधी करावा. उत्पादकाने दिलेल्या भारक्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वजन शक्यतो होऊ देऊ नये. त्यात स्वतःचे वजनही धरावे. आणखी एक वजन दुकानात सहसा आठवत नाही : रिकाम्या नावेचे. ती ३० ते ४५ किलोची असू शकते आणि दिवसभराच्या श्रमांनंतर ती टपावर एकट्यालाच चढवावी लागते.

वल्हे की पायडल?

'होबी' कंपनीने १९९७ मध्ये पायांनी चालणारी यंत्रणा आणली आणि हात गळासाठी मोकळे झाले. वाऱ्यात एका जागी टिकून राहण्यास पायडल फार उपयुक्त. पण अशी नाव महाग आणि जड असते, तसेच दाट शेवाळात व उथळ पाण्यात तिची यंत्रणा अडकते. नवशिक्याने वल्ह्याच्या नावेपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. आसन उंच आणि नाव रुंद असल्याने वल्हे २४० ते २६० सेंटीमीटरचे घ्यावे. पैसे वाचवायचे असतील, तर ते वल्ह्यावर वाचवू नयेत. दिवसभरात ते हजारो वेळा उचलायचे असते, म्हणून हलक्या वल्ह्यामुळे खांदे वाचतात. पायडलच्या नावेतही सुटे वल्हे बाळगावेच.

रॉड तीन पुरेत

मोटारबोटीत दहा-बारा रॉड दिसतात. कयाकमध्ये तेवढे नेल्यास गुंताच अधिक होतो. पहिला, सात फुटी, मध्यम-जड कास्टिंग रॉड आणि १२ ते १५ पौंडांचा फ्लुरोकार्बन दोर. रबरी किडा, जिग किंवा स्पिनरबेट या आमिषांना तो पुरेसा होतो. दुसरा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि बारीक विणलेला दोर, हलक्या आमिषांसाठी. तिसरा, जड रॉड आणि ५० पौंडांच्या आसपासचा विणलेला दोर. पाणवनस्पतींवरून रबरी बेडूक ओढण्यासाठी.

रॉडची लांबी येथे केवळ दूर फेकण्यासाठी नसते. अडकलेला मासा नावेखालून पलीकडे गेला, तर रॉडचे टोक नावेच्या नाळेला वळसा घालून पलीकडे नेता आले पाहिजे. मूठ मात्र आखूड हवी, अन्यथा ती जॅकेटला व आसनाला अडते. मासा मोठा असेल, तर तो हलकी नाव आपल्याकडे ओढतो आणि दोर ढिला पडतो. तो झटपट गुंडाळण्यासाठी वेगवान रीळ सोयीचे.

आमिषांच्या दोन-तीन डब्या पुरेत. आसनामागे दुधाच्या पिशव्यांच्या क्रेटसारखी चौकोनी पेटी बांधली, की डब्या आणि रॉड दोन्हींची सोय होते. तीनपदरी गळ बोटात रुतल्यास उपयोगी पडणारी पक्कड आणि तार कापणारे कटर मात्र हाताशीच हवे.

नांगर आणि दोऱ्या

नांगर नावेच्या मधोमध बाजूला कधीही बांधू नये. वारा किंवा प्रवाह नावेला आडवी धरतो आणि ती कलंडते. नाळेपासून मागील टोकापर्यंत दोर सरकवणारी कप्पी बसवून नांगर नेहमी टोकाशी न्यावा आणि त्याची गाठ एका झटक्यात सुटेल अशी ठेवावी. वाहत्या नदीत तर नवशिक्याने नांगर टाकूच नये. वल्हे व पक्कड यांना आखूड दोरी असावी. लांब, सैल दोऱ्या बुडणाऱ्याच्या पायात अडकतात.

मासा परत पाण्यात

रे स्कॉट यांच्या 'बास' या संघटनेने १९७२ पासून मासा जिवंत सोडण्याचा प्रघात रुजवला. कयाकच्या स्पर्धांत तर मोजपट्टीच्या फळीवर माशाचे छायाचित्र घेऊन तो तिथेच सोडला जातो आणि लांबीवर गुण ठरतात. यासाठी रबरी जाळीचे आखूड दांड्याचे जाळे घ्यावे, कारण त्याने माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडला जात नाही. फळी आधी ओली करावी. राज्याचा मासेमारी परवाना काढावा, मोटर लावल्यास बहुतेक राज्यांत नोंदणीही करावी लागते. घरी परतण्यापूर्वी नाव धुऊन कोरडी करावी, म्हणजे उपद्रवी शिंपले दुसऱ्या तलावात पोहोचत नाहीत.

मासे दाखवणारा पडदा आणि त्याची बॅटरी ही खरेदी शेवटची. एक हंगाम गेल्यावर तिची गरज आहे की नाही, हे आपोआप कळते. त्याआधी एक परीक्षा उरकावी. उन्हाळ्यातील एखाद्या दिवशी, सोबतीला कोणी असताना, किनाऱ्याजवळच्या पाण्यात रॉड न घेता नाव मुद्दाम उलटवावी आणि जॅकेटसह पुन्हा चढून पाहावे. चढता आले, तर निवड योग्य झाली. न आल्यास, सामान कितीही उत्तम असले तरी ती नाव आपली नव्हे, हे किनाऱ्यावरच समजलेले बरे.