एका शब्दावरून फुटलेले चर्च: इफिसस ते उदयंपेरूर

इ. स. १५९९ च्या जून महिन्यात गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी कोचीजवळच्या उदयंपेरूर येथे एक धर्मसभा भरवली. मलबारच्या ख्रिस्ती समाजाला तेथे एका माणसाचा जाहीर धिक्कार करावयास लावण्यात आले. तो माणूस मरून साडेअकराशे वर्षे होत आली होती आणि त्याने भारत कधी पाहिलाही नव्हता. त्याचे नाव नेस्टोरियस. त्याचा अपराध एवढाच, की त्याने एका ग्रीक शब्दाला हरकत घेतली होती.

तो शब्द ‘थिओटोकॉस’, म्हणजे देवाला जन्म देणारी. सामान्य भाविक येशूची आई मरिया हिला प्रेमाने देवमाता म्हणत असत. नेस्टोरियस ४२८ साली कॉन्स्टंटिनोपलचा आर्चबिशप झाला, तेव्हा त्याला हे नाव खटकले. ईश्वर अनादी आहे, मग त्याला आई कशी? मरियेच्या पोटी जन्मला तो ख्रिस्ताचा मानवी देह. म्हणून तिला ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, असा त्याचा आग्रह होता.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याशी एकरूप, म्हणजे पूर्णपणे ईश्वर आहे, असे ठरवले होते. त्यातून पुढचा प्रश्न अटळ होता: भूक लागणारा, रडणारा, क्रूसावर मरणारा मनुष्य आणि अमर ईश्वर एकाच ठिकाणी नांदतात कसे? अँटिऑकच्या विद्वानांना मनुष्यत्व आणि ईश्वरत्व यांची सरमिसळ नको होती. अलेक्झांड्रियाच्या सिरिलला भीती होती ती उलट बाजूची. मरणारा एक आणि ईश्वर दुसरा असे ठरले, तर क्रूसावर ईश्वराने मानवासाठी काहीच सोसले नाही, आणि तारणाचा पायाच ढासळला. दोघांच्याही भीतीत तथ्य होते, म्हणून तर हा वाद मिटला नाही.

त्यात भाषेची गाठ पडली. ‘फिसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ अँटिऑकच्या पंडितांच्या लेखी गुणधर्म वा स्वभाव असा होता. सिरिलसाठी तो जवळजवळ प्रत्यक्ष अस्तित्वात असलेली व्यक्ती. एकजण ‘दोन फिसिस’ म्हणे, तर दुसऱ्याला ऐकू येई ‘दोन ख्रिस्त’.

शब्दांच्या मागे गाद्याही होत्या. कॉन्स्टंटिनोपल ही नवी राजधानी होती आणि तिच्या वाढत्या मानामुळे अलेक्झांड्रियाचे जुने वैभव झाकोळत होते. ४३१ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने इफिससला परिषद बोलावली. अँटिऑकचे बिशप वाटेतच होते. त्यांची वाट न पाहता सिरिलने २२ जून रोजी कामकाज सुरू केले आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदच्युत केले. काही दिवसांनी पोहोचलेल्या अँटिऑकच्या मंडळींनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले! सम्राटाने आधी दोन्ही निर्णय मान्य केले. मग सिरिलकडून दरबारात भेटी पोहोचू लागल्या. त्यांत गालिचे होते, हस्तिदंती आसने होती आणि सोनेही होते. या खर्चासाठी अलेक्झांड्रियाच्या चर्चने १५०० रोमन पौंड सोन्याचे कर्ज काढले, अशी कबुली सिरिलच्याच गोटातील एका पत्रात आहे. धर्मतत्त्वाचा निकाल केवळ लाचेने लागला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण लोकभावनाही देवमातेच्या बाजूने होती. पण सोन्याने काम सोपे केले एवढे खरे.

नेस्टोरियस अखेर इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार झाला. इकडे वाद उलट दिशेने पेटला. ४५१ च्या कॅल्सिडॉन परिषदेने ख्रिस्त एक व्यक्ती पण दोन स्वभावांत, असे सूत्र ठरवले. त्यात पोप लिओच्या पत्राचा मोठा वाटा होता. लिओचे मत आपल्या मताशी जुळते असे नेस्टोरियसने वनवासात लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे. त्याच कॅल्सिडॉनने मात्र त्याचा पुन्हा धिक्कार केला. इजिप्त, सिरिया आणि पुढे आर्मेनियातील चर्चनी हे सूत्र नाकारले, कारण त्यांना ते सिरिलशी द्रोह करणारे वाटले. अलेक्झांड्रियात कॅल्सिडॉनवादी बिशप प्रोटेरियस याला ४५७ मध्ये जमावाने ठार मारले.

रोमन साम्राज्याच्या पूर्वेला, सासानी इराणात, तिसरीच गोष्ट घडत होती. तेथील ख्रिस्ती समाजावर ते शत्रूचे, म्हणजे रोमचे हस्तक असल्याचा संशय घेतला जाई. त्यांचे चर्च ४२४ मध्येच स्वतंत्र झाले होते. ४८९ मध्ये सम्राट झेनोने एडेसाची विद्यापीठासारखी नावाजलेली शाळा बंद केली, आणि तिचे अँटिऑकवळणाचे गुरुजन सीमेपलीकडे निसिबिसला रुजले. या पूर्वेकडील चर्चला विरोधकांनी ‘नेस्टोरियन’ हे नाव चिकटवले. त्याचे धर्मोपदेशक ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोहोचले, आणि त्याचेच बिशप शतकानुशतके समुद्रमार्गे मलबारला येत राहिले.

म्हणून १५९९ मध्ये मेनेझिस यांच्या दृष्टीने मलबारचे सिरियाक ग्रंथ पाखंडाने भरलेले होते. वास्तविक १५९७ मध्ये वारलेले तेथील बिशप मार अब्राहम यांना रोमची मान्यता मिळालेली होती. तरीही उदयंपेरूरच्या विश्वासकबुलीत मरियेला देवमाता म्हणणे बंधनकारक झाले, आणि अनेक ग्रंथ दुरुस्तीसाठी ताब्यात घेतले गेले किंवा जाळले गेले. मलबारच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने आज इतकी तुटपुंजी आहेत, त्याचे एक मोठे कारण हे.

खदखद ३ जानेवारी १६५३ रोजी बाहेर पडली. मट्टनचेरी येथे हजारोंनी क्रूसाला साक्षी ठेवून जेझुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. पुढे १६६५ मध्ये त्यांच्यातील एका गटाकडे बिशप आले ते मार ग्रेगोरियोस, सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे, म्हणजे नेस्टोरियसच्या नेमक्या विरुद्ध टोकाच्या परंपरेचे. मलबारच्या त्या समाजाला तेव्हा पाचव्या शतकातला वाद मिटवायचा नव्हता. गोव्याच्या हुकमतीतून सुटका हवी होती.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मरियेला देवमाता म्हणावे किंवा ख्रिस्तमाता, दोन्ही उच्चारांमागची श्रद्धा एकच आणि दोन्ही ग्राह्य, असे त्यात नमूद आहे. इफिससच्या त्या जून महिन्याला तोवर १५६३ वर्षे उलटली होती.