न झालेल्या मतदानाचे 26 तास

बदलापूर पूर्वेची खरवई मुरबाड विधानसभा मतदारसंघात येते. ऑक्टोबर 2019 मध्ये इथल्या लोकांनी मतदान केले तेव्हा भाजप आणि शिवसेना एकत्र होत्या. आमचे किसन कथोरे भाजपच्या चिन्हावर निवडून आले, शेजारच्या अंबरनाथमधून शिवसेनेचे डॉ. बालाजी किणीकर. पुढे शिवसेना भाजपला सोडून महाविकास आघाडीच्या सरकारात गेली. पावणेतीन वर्षांनी, जून 2022 मध्ये, कथोरे विरोधी बाकांवर होते आणि किणीकर शिवसेनेतल्या बंडखोरांबरोबर गुवाहाटीच्या हॉटेलात. बंडाचे नेते एकनाथ शिंदे आमच्याच ठाणे जिल्ह्याचे. मुख्यमंत्र्याला मुदतीआधी घालवायचे का, आणि घालवायचे तर नेमके कधी, हा वाद त्या आठवड्यात खरवईच्या एमआयडीसीत, बदलापूरच्या फलाटावर, सकाळच्या लोकलमध्ये तावातावाने चालला. ज्या सभागृहात तो व्हायला हवा होता तिथे मात्र तो झालाच नाही. म्हणून त्या 26 तासांचा हिशेब मांडावासा वाटतो.

28 जून 2022, रात्री 10 च्या सुमारास

दिल्लीहून त्याच दिवशी परतलेले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस राजभवनावर जाऊन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना भेटतात. शिवसेनेच्या 39 आमदारांनी आघाडीची साथ सोडली आहे, सरकार अल्पमतात आहे, बहुमत सिद्ध करायला सांगा, अशी त्यांची मागणी. काही अपक्ष आमदारांनीही राज्यपालांना तसेच कळवलेले असते.

इथवर येईपर्यंत आठ दिवस गेले होते. 20 जूनला विधान परिषदेच्या दहा जागांचे मतदान झाले. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री शिंदे काही आमदारांसह सुरतेला निघाले. 22 ला पहाटे ते गुवाहाटीत पोचले. त्याच संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून बोलले आणि रात्री ‘वर्षा’ हे सरकारी निवासस्थान सोडून ‘मातोश्री’ या आपल्या घरी गेले. 25 ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या आणि उत्तराला 27 तारखेच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ दिला. 27 लाच सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली.

ही 12 जुलै ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा पेच तिच्यापाशी आहे.

28 जून, उशिरा रात्री

राज्यपालांच्या पत्रावर हीच तारीख आहे. विधानसभेचे खास अधिवेशन 30 जूनला सकाळी 11 वाजता बोलवावे. विश्वासदर्शक ठराव हा एकच विषय. सदस्यांनी जागेवर उभे राहावे आणि डोकी मोजावीत. काहीही झाले तरी काम संध्याकाळी 5 च्या आत पुरे करावे, तहकूब करू नये.

मतदान उघड ठेवले हे योग्यच झाले. प्रश्न मुदतीचा आहे. भारताच्या राष्ट्रपतींना पदावरून दूर करायचे तर घटनेच्या कलम 61 प्रमाणे आधी सभागृहाच्या किमान एकचतुर्थांश सदस्यांच्या सहीने 14 दिवसांची नोटीस लागते. मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव व्हावा लागतो, दुसऱ्या सभागृहाने आरोपांची चौकशी करायची असते, राष्ट्रपतींना बाजू मांडायचा हक्क असतो आणि शेवटी पुन्हा दोन तृतीयांश मते लागतात. हे कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. मुख्यमंत्र्याचे तसे नाही. तो सभागृहाच्या विश्वासावर बसतो, विश्वास उडाला की उठतो, साधे बहुमत पुरते, आणि ते तसेच असायला हवे. पण विश्वास उडाला आहे की नाही हे विचारायला किती दिवस द्यायचे, हे घटनेत कुठेच लिहिलेले नाही. ती रिकामी जागा त्या रात्री राजभवनाने भरली आणि एक दिवस ठरवला.

29 जून, सकाळ

पत्र उघड होते. शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभू सर्वोच्च न्यायालयात धाव घेतात. सुनावणी संध्याकाळी 5 ला ठरते. गुवाहाटीत शिंदे कामाख्या देवीचे दर्शन घेतात आणि बहुमत चाचणीला आम्ही मुंबईत येणार असे सांगतात. त्या संध्याकाळी आमदारांचे विमान गोव्याकडे निघते.

29 जून, संध्याकाळी 5

आता दोन दालने एकाच वेळी चालू आहेत.

मुंबईत मंत्रिमंडळाची बैठक. औरंगाबादचे संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव. या नावांमागे लोकांची खरी भावना होती. दिबांच्या नावासाठी तर ठाणे आणि रायगडच्या भूमिपुत्रांनी मोर्चे काढले होते. पण दुसऱ्या दिवशी बहुमत दाखवायचे आहे अशा सरकारने आदल्या संध्याकाळी इतके मोठे निर्णय घ्यावेत, हे मला पटत नाही.

दिल्लीत न्या. सूर्य कांत आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या सुट्टीतील खंडपीठापुढे युक्तिवाद सुरू होतो. प्रभूंच्या बाजूने अभिषेक मनु सिंघवी उभे राहतात. ज्या आमदारांना मतदानाचा अधिकार उरतो की नाही हेच ठरायचे आहे, त्यांनी आधी मतदान करायचे आणि अपात्रता मागाहून ठरायची, हा क्रम उलटा आहे. ते अपात्र ठरले तर सभागृहाची संख्याच बदलते, बहुमताचा आकडाही बदलतो. राष्ट्रवादीचे दोन आमदार कोरोनाने आजारी आहेत. राज्यपाल स्वतः नुकतेच कोरोनातून उठले आहेत आणि मुख्यमंत्र्यांचा सल्ला न घेता विरोधी पक्षनेत्याच्या शब्दावर एका दिवसात चाचणी लावत आहेत. तेव्हा एक तर आधी अपात्रतेचा निकाल लागू द्या, नाही तर चाचणी पुढे न्या.

शिंदे यांच्या बाजूने नीरज किशन कौल. सभागृहातली चाचणी हीच लोकशाहीतली सर्वांत निरोगी गोष्ट. ती लांबवली की घोडेबाजाराला वाव मिळतो. ज्याच्याकडे बहुमत आहे त्याला चाचणीची भीती का वाटावी? उपाध्यक्षांविरुद्धच अविश्वासाची नोटीस असताना त्यांना अपात्रता ठरवता येत नाही, यासाठी अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया खटल्याचा 2016 चा निकाल पुढे येतो. राज्यपालांच्या वतीने तुषार मेहता.

कौल यांचे म्हणणे हलके नव्हते. 55 पैकी 39 आमदार गेले होते. 287 च्या सभागृहात 144 चा आकडा आघाडीकडे उरला नव्हता, हे अंबरनाथच्या शाखेत बसणाऱ्यालाही कळत होते. असे सरकार दोन आठवडे चालू ठेवले तर त्या दोन आठवड्यांत काय काय निर्णय होतील, याची चुणूक त्याच संध्याकाळी मंत्रालयात मिळत होती. पण आकडा उघड दिसत असला तरी तो कसा जमला, कोणत्या अधिकाराने जमला, हा प्रश्न उरतोच. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. दोन तृतीयांशांनी बाहेर पडायचे तर दुसऱ्या पक्षात विलीन व्हावे लागते. 55 चे दोन तृतीयांश म्हणजे 37. शिंदे यांच्याकडे 39 होते, पण ते कोणत्याही पक्षात विलीन झाले नव्हते. आम्हीच शिवसेना, असा त्यांचा दावा होता. या दाव्याचा निवाडा आधी व्हायला हवा होता. त्यासाठी 12 जुलैपर्यंत थांबणे अगदीच अशक्य नव्हते, पावसाळी अधिवेशन जुलैत व्हायचेच होते.

29 जून, रात्री 9 च्या सुमारास

साडेतीन तासांच्या सुनावणीनंतर आदेश येतो. बहुमत चाचणीला स्थगिती नाही. चाचणीचा निकाल मूळ याचिकांच्या निकालाला बांधील राहील. तुरुंगात असलेले नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांनाही सभागृहात आणून मतदान करू द्यावे.

दोन दिवसांपूर्वी याच खंडपीठाने नोटिशींच्या उत्तराला 12 जुलैपर्यंत वेळ दिला होता. आता 30 जूनच्या मतदानाला वाट मोकळी झाली. एकेकटा आदेश वाचला तर तो समजून घेता येतो. दोन्ही शेजारी ठेवले की गणित बदलते: ज्यांच्या पात्रतेवर प्रश्न होता त्यांना पंधरवडा, आणि ज्याचे पद पणाला लागले होते त्याला चौदा तास.

29 जून, रात्री साडेनऊच्या सुमारास

उद्धव ठाकरे फेसबुकवरून बोलतात. सोनिया गांधी आणि शरद पवार यांचे आभार मानतात. मुख्यमंत्रिपदाचा आणि विधान परिषदेच्या सदस्यत्वाचा राजीनामा जाहीर करतात.

त्या रात्री आमच्या भागात अनेक घरांत टीव्हीसमोर माणसे गप्प बसून होती, त्यांत बंडाला मनातून पाठिंबा असलेलीही होती. भाषण साधे होते आणि ते लोकांना भिडले. तरीही मला वाटते, हा राजीनामा त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक होती. ठाकरे यांनी 30 जूनला सकाळी 11 वाजता सभागृहात उभे राहायला हवे होते. ते हरले असते हे नक्की. पण 39 पैकी प्रत्येकाला आपापल्या जागेवर उभे राहून, नावानिशी, कॅमेऱ्यासमोर सांगावे लागले असते की मी माझ्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध मत देतो आहे. अंबरनाथच्या मतदाराला आपल्या आमदाराचे ते मत पाहायचा हक्क होता. 1996 च्या मे महिन्यात 13 दिवसांचे सरकार घेऊन अटलबिहारी वाजपेयी लोकसभेत उभे राहिले. आकडा नाही हे त्यांना माहीत होते. मतदान न होता त्यांनीही राजीनामा दिला, पण आधी दोन दिवस सभागृहात चर्चा झाली आणि देशाने ती ऐकली. 1999 मध्ये तर ते 269 विरुद्ध 270 अशा एका मताने हरले, आणि ते मत इतिहासात नोंदले गेले.

अमेरिकेत रिचर्ड निक्सन यांनीही महाभियोगाच्या मतदानाआधी पद सोडले. पण तिथे 6 फेब्रुवारी 1974 ला प्रतिनिधिगृहाने चौकशीला मंजुरी दिली, न्याय समितीने महिनोन्‌महिने पुरावे पाहिले, 27 ते 30 जुलै या दिवसांत दूरचित्रवाणीसमोर तीन आरोप मंजूर केले, आणि मग 9 ऑगस्टला राजीनामा आला. पूर्ण गृहाचे मत पडले नाही, तरी अध्यक्षाला का जावे लागले हे कागदावर राहिले. महाराष्ट्राच्या विधानसभेत ते सरकार जाण्याआधी त्याबद्दल एका ओळीचीही चर्चा झाली नाही.

29 जून, रात्री पावणेबाराच्या सुमारास

ठाकरे राजभवनावर पोचतात, राज्यपालांच्या हाती राजीनामा देतात. तो स्वीकारला जातो.

30 जून, सकाळी 11

अधिवेशन भरत नाही. संध्याकाळी फडणवीस शिंदे यांचे नाव जाहीर करतात. साडेसातला शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतात. 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष होतात, 4 जुलैला नवे सरकार 164 विरुद्ध 99 मतांनी विश्वास मिळवते.

11 मे 2023

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ निकाल देते. सरकारने विश्वास गमावला आहे असे मानण्याजोगे वस्तुनिष्ठ साहित्य राज्यपालांपुढे नव्हते, त्यांनी चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते. पक्षातला वाद मिटवणे हे बहुमत चाचणीचे काम नाही. विरोधकांना अविश्वासाचा ठराव आणायला कोणी अडवले नव्हते. शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. आणि तरीही जुने सरकार परत आणता येत नाही, कारण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता स्वतः राजीनामा दिला. 2016 मध्ये अरुणाचलात हेच न्यायालय नबाम तुकी यांचे सरकार परत बसवू शकले होते. इथे तो मार्ग त्या रात्रीच्या राजीनाम्याने बंद झाला होता.

अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे परत गेला. 10 जानेवारी 2024 ला, म्हणजे नोटिसा निघाल्यावर दीड वर्षाने, नार्वेकर यांनी दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

सभागृहात मतदान न होता मुख्यमंत्र्याने पद सोडणे याच विधानसभेत जून 2022 मध्ये दुसऱ्यांदा घडत होते. 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी फडणवीस यांचा शपथविधी झाला, 26 ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत बहुमत चाचणी घ्यायला सांगितले, आणि फडणवीस यांनी त्याच दुपारी राजीनामा दिला. एकाच सभागृहाच्या मुदतीत दोन पक्षांचे दोन मुख्यमंत्री पायउतार झाले, आणि दोघांपैकी एकालाही सभागृहाने मत देऊन घालवलेले नाही.

बहुमत सभागृहातच तपासावे, हे 1994 च्या बोम्मई निकालाने सांगितले. ते किती दिवसांत तपासावे आणि अपात्रतेचा प्रश्न त्याआधी निकालात काढावा का, हे संसदेने कायद्यात लिहावे. खरवई, बदलापूर, अंबरनाथच्या मतदारांनी पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एवढे विचारावे: आपला नेता बदलायची वेळ आली, तर तुम्ही हॉटेलात जाणार की विधानसभेत उभे राहून मत देणार? आणि उत्तर चारचौघांत मागावे.